फडताळ नंबर तीन

सासरेबुवांनी छत्री हरवली, आणि तीही बसमध्ये. बसमध्ये हरवलेल्या झाडून साऱ्या वस्तू जिथे जमा होतात, त्या कचेरीचे साहेब स्वतः सासरेबुवाच. म्हणजे छत्री जाऊन जाऊन जाणार कुठे? पण तिथे शोधाशोध करायचा कॉम्प्युटर, आणि तो बसवला होता जावयाने. एकदा प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत लोक डुलकी काढून, नवी छत्री घेऊन मोकळे व्हायचे.

"जावईबापू, छत्री तुमच्या सासूबाईंच्या पसंतीची होती हो!" सासरेबुवा काकुळतीला आले. "ती सापडल्याशिवाय घरात पाऊल टाकू नका म्हणाल्यात. तुमचं यंत्र असंच रेंगाळलं तर मी आजपासून तुमच्याकडे."

जावयाने लगेच बाह्या सरसावल्या. त्याचं घर दीड खोलीचं, आणि सासरेबुवांचं घोरणं तीन मजले ऐकू जाणारं!

यंत्र दर प्रश्नाला पहिल्या फडताळापासून एकूण एक वस्तू तपासत बसतं, हे त्याला ठाऊक होतं. खरं तर नीट सूची बांधायला हवी होती. पण एवढा धीर कुणाला? त्याने शॉर्टकट मारला. एकदा शोधलेलं उत्तर यंत्राने जवळ ठेवायचं आणि पुन्हा विचारलं की फटकन द्यायचं. पुन्हा 'तोच' प्रश्न विचारला तरच द्यायचं, एवढं सांगायला मात्र तो साफ विसरला.

त्याने 'काळी छत्री' टाकलं. बऱ्याच वेळाने उत्तर आलं : फडताळ तीन.

"जिंकलं!" म्हणत सासरेबुवा चष्मा पुसायला लागले. तेवढ्यात खिडकी उघडली आणि पहिल्या गृहस्थाने हरवलेली बॅग मागितली. यंत्र क्षणात म्हणालं, फडताळ तीन. शिपायाने तिथली हाताला लागली ती वस्तू आणली. काळी छत्री! गृहस्थाने छत्री पाहिली, बाहेरचं आभाळ पाहिलं, सही ठोकली आणि चालू पडला.

"अहो, माझी छत्री!" सासरेबुवा ओरडले, पण उशीर झाला होता.

मग काय विचारता! चष्मा हरवलेल्या बाईंना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. डावा बूट शोधणाऱ्याला पोपटाचा पिंजरा.

"थांबा, मी दुरुस्त करतो," जावई धावला.

"खबरदार हात लावाल तर!" खिडकीवरचा कारकून कडाडला. "नोकरीत लागल्यापासून आज पहिल्यांदा कुणी शिव्या दिल्या नाहीत मला."

रांगही त्याच्याच बाजूची. काय मिळतंय याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं, पटकन मिळतंय ना! फडताळ तीन रिकामं झालं. त्यात सासरेबुवा डोकं धरून जाऊन बसले.

"जावईबापू, अंथरूण कुठे घालणार माझं?" ते आतून म्हणाले. जावयाला रडूच कोसळायचं बाकी होतं.

आणि खिडकीपाशी सासूबाई येऊन उभ्या राहिल्या. हातात काळी छत्री!

"दारामागेच टांगलेली होती मेली," त्या कारकुनाला म्हणाल्या. "उगाच बोलले बिचाऱ्यांना. फोनही उचलत नाहीत. आमचे हे कुठे आहेत हो?"

कारकुनाने सवयीने बटणं दाबली. शिपाई आत गेला आणि सासरेबुवांना दंडाला धरून घेऊन आला.

"अगंबाई, विचारल्याबरोबर!" सासूबाई हरखल्या. "जावईबापू, यंत्र झकास केलंत हो. आता ह्याला अजिबात हात लावू नका!"

कारकुनाने त्यांच्यापुढे सहीचा कागद सरकवला. सासूबाईंनी सही केली आणि नवऱ्याला घेऊन गेल्या. छत्री तेवढी खिडकीतच राहिली.