गाडीने अंग धरलं

मला फक्त पुढची काच बसवायची होती. हे मी बायकोला सांगितलं, तिच्या आईला सांगितलं आणि त्या शनिवारी फाटकाशी जमलेल्या निम्म्या खोऱ्यालाही सांगितलं. कोणाचाही विश्वास बसला नाही. (माझ्या बायकोचा, मार्लिसचा, तर मी 'जेवलो' म्हटलं तरी विश्वास बसत नाही. ती आधी सिंकमध्ये डोकावून ताट बघते.)

पण काचेच्या आधी गाडी आली, आणि गाडीच्या आधी सासूबाईंचे गुडघे.

आमच्याकडे, आयडाहोच्या वरच्या डोंगरांत, ऑगस्टमध्ये हकलबेरी पिकते. ही जांभळी बेरी कोणाच्या परसात उगवत नाही. ती उंचावर, तिला वाटेल तिथे उगवते, आणि ज्या घराला चांगली जागा सापडते ते घर ती जागा जिवापाड जपतं. इथला माणूस तुम्हाला आपल्या घटस्फोटाचं कारण बिनदिक्कत सांगेल, पण बेरी कुठून आणल्यास विचारलं की 'तिकडे वर' म्हणून सगळ्या डोंगरांकडे एकदम हात करेल. वर जाताना मागे कोणी येतंय असं वाटलं तर तो वळण सोडून सरळ पुढच्या गावापर्यंत गाडी हाकतो. माझ्या सासूबाईंची, म्हणजे व्हर्डाबाईंची, जागा खोऱ्यात सगळ्यांत चांगली समजली जाते, आणि ती फक्त त्यांना ठाऊक होती. सासऱ्यांनाही ठाऊक होती, पण ते आता चर्चमागे पुरलेले आहेत. त्यांच्याकडून काही फुटायची भीती नाही.

दोन्ही गुडघे बदलल्यापासून सासूबाईंना वरची चढण झेपेना. ईस्टरच्या जेवणाला बटाटे वाढता वाढता त्यांनी जाहीर केलं, "मला एकदा वर जायचंय. जो जावई नेईल त्याला जागा दाखवीन."

जावई दोन. एक मी आणि दुसरा माझा साडू ब्लेन. ब्लेन गुरं पाळतो, कमी बोलतो आणि सासूबाईंचं छप्पर गळायला लागलं की न सांगता येऊन दुरुस्त करून जातो. अशा माणसाचा साडू होणं फार कष्टाचं असतं. मी काउंटीच्या कचेरीत बसून जंगलात चालवायच्या गाड्यांना वर्षाचं स्टिकर देतो. सासूबाई माझी ओळख 'हा ऑरिन, स्टिकरवाला' अशी करून देतात. छपरावर चढलो की मला चक्कर येते, त्यामुळे तो मार्ग मला बंद होता.

ब्लेन तोंडातला घास गिळतोय तेवढ्यात मी म्हणालो, "मी नेतो, आई."

"कशात?" मार्लिसने विचारलं.

"साइड-बाय-साइड घेतो."

साइड-बाय-साइड म्हणजे दोघं शेजारी शेजारी बसतात अशी, दगडधोंड्यांतून चालणारी उघडी गाडी. आमच्या खोऱ्यात चर्चपेक्षा तिच्यावर श्रद्धा जास्त. ब्लेनकडे एक जुनी होती, पण ती गुरांचा चारा वाहायची आणि तिची सीट सुतळीने बांधलेली होती. तिच्यात कोणी आपल्या सासूला बसवेल का?

"वर जायला खांबांचं फाटक लागतं," सासूबाई म्हणाल्या. "पन्नास इंचांचं. बाकी रस्ता गाडीत बसल्यावर सांगीन."

आमच्या जंगलात अरुंद वाटांच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवलेले असतात, रुंद गाड्या आत जाऊ नयेत म्हणून. हे मला कोणी शिकवायला नको. मी रोज स्टिकरबरोबर नकाशा देतो आणि त्यावर बोट ठेवून प्रत्येकाला बजावतो, "निघण्यापूर्वी गाडी मोजा." मी सगळ्यांत अरुंद गाडी घेतली. रंग लाल. किंमत विचारू नका, मार्लिसलाही अजून नीट सांगितलेली नाही.

पहिल्या फेरीला मार्लिस शेजारी होती. परत आलो तेव्हा तिच्या दातांत माशा होत्या.

"आईला असं नेणार आहेस?" तिने चूळ भरत विचारलं.

म्हणून काच. किपचं दुकान आमच्या कचेरीसमोर आहे. गाड्यांना हवं ते बसवून देणारा हा माणूस अत्यंत सज्जन, गोडबोल्या आणि माझ्या मते तुरुंगात असायला हवा असा आहे. त्याने काच बसवली. दुसऱ्या फेरीला माशा बंद झाल्या आणि पुढच्या काचेमुळे सगळी धूळ मागून आत यायला लागली. मार्लिस पिठाच्या डब्यात पडल्यासारखी दिसत होती.

"मग मागची काच लागणारच," किप म्हणाला.

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू पुढच्या काचेबद्दल विचारलंस."

मागची काच लावली. वरून ऊन येऊन आत भट्टी पेटली. मग छप्पर. छपराच्या वजनाने गाडी खाली बसली आणि पोट दगडांना घासायला लागलं. मग जाड स्प्रिंगा. स्प्रिंगांनी गाडी इतकी वर उचलली की उतारावर ती एका अंगावर कलली, आणि मार्लिसने माझ्याबद्दल जे काही म्हटलं ते समोरच्या डोंगराने आणखी दोनदा म्हटलं.

"उंच गाडीला पाय फाकलेले हवेत," किपने समजावलं. "रुंद टायर घाल. चाकंही जरा बाहेर काढू."

रुंद टायर चिखल थेट मांडीवर उडवायला लागले, म्हणून दारं आली. दारांबरोबर किपने पुढे एक विंचही बसवून दिली, म्हणजे गाडी रुतली तर झाडाला दोर बांधून स्वतःला ओढून काढायचं यंत्र. मी नको म्हणालो नाही. एव्हाना मी कुठल्याच गोष्टीला नको म्हणत नव्हतो. एखादं पोर आजोळी जाऊन यावं तशी गाडी भरली होती, आणि रोज बघणाऱ्याला ते दिसत नाही. मी गाडी मोजली नाही. (माझ्या नकाशावर लिहिलेलं असतं ते इतरांसाठी असतं असं मी धरून चाललो होतो.)

ऑगस्टातला तो शनिवार उजाडला. सासूबाई कमरेला बेरीची बादली बांधून, केस विंचरून, ओठांना रंग लावून ओट्यावर उभ्या होत्या. आधी त्यांनी माझा फोन काढून घेतला आणि मार्लिसच्या हवाली केला. जागेचा रस्ता फोनला कळलेला त्यांना चालणार नव्हता. मग गाडीभोवती एक चक्कर मारली.

"ही जाईल ना रे आत?"

"खास अरुंद घेतलीय, आई."

"घेतलीस तेव्हा असेल," त्या म्हणाल्या आणि बसल्या.

वाटेत त्या बोलत होत्या. इतकं त्या माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. सासरे पहिल्यांदा तिथे घेऊन गेले तेव्हा दोघांचं लग्नही झालेलं नव्हतं, हे त्यांनी मला सांगितलं. "पुढच्या वर्षी माझ्याने होईल न होईल," असंही म्हणाल्या. मला भरून आलं. आता आपण स्टिकरवाले राहिलो नाही, असं मला मनापासून वाटलं.

मग खांब आले. लांबून ते मला जरा जवळजवळ वाटले. पण टायर म्हणजे रबर, रबर दबतं, असा विचार करून मी वेग दिला. पुढची चाकं किंचाळत आत गेली. मागची गेली नाहीत. मागे घ्यायला गेलो तर पुढची आतून अडकली. दोन्ही दारांना दोन खांब अगदी चिकटून उभे होते, त्यामुळे दारं उघडेनात. पुढे काच, मागे काच, वर छप्पर.

"विंच लाव," सासूबाई म्हणाल्या.

विंचचा दोर झाडाला बांधायला आधी गाडीतून उतरावं लागतं. हेही किप बोलला नव्हता.

"मला फक्त पुढची काच बसवायची होती, आई."

त्या मागे बघत होत्या. शनिवारची सकाळ, एकामागून एक गाड्या येऊन थांबत होत्या, आणि त्यांतल्या प्रत्येक गाडीवर मी चिकटवायला दिलेलं स्टिकर होतं.

"बादली," त्या पुटपुटल्या. त्यांनी अंगातला कोट काढून बादलीवर टाकला. "ऑरिन, आपण बेरीला आलोय हे यांना कळलं तर संपलं. काहीतरी सांग."

ओडेल नावाचा थोराड गृहस्थ दाराच्या सरकत्या खिडकीशी आला. तोंडभर हसू. "काय स्टिकरवाले, निघण्यापूर्वी गाडी मोजली होती का?" मग आत डोकावून म्हणाला, "व्हर्डाबाई, तुम्ही इकडे कुठे? आणि मांडीवर काय?"

मला खोटं बोलता येत नाही असं नाही, पण वेळ लागतो. तेवढा मिळाला नाही.

"सासऱ्यांची रक्षा," मी म्हणालो. "वर सोडायला चाललोय."

ओडेलने टोपी काढली. मागच्या सगळ्यांनी काढली. मग टोप्या परत चढल्या आणि ओडेलच्या कपाळाला आठ्या पडल्या. "पण हॅरॉल्डला तर आपण पुरलं. शवपेटीला खांदा मीच दिला होता. आठवडाभर हात उचलत नव्हता."

सासूबाईंनी मला इतक्या जोरात चिमटा काढला की तो वळ गुरुवारपर्यंत होता. मग पदराआडून बोलावं तशा त्या कोटाआडून बोलल्या, "हॅरॉल्डच्या कुत्र्याची रे. ऑरिनला दुःखात काही सुचत नाही."

टोप्या पुन्हा निघाल्या. सासऱ्यांसाठी नव्हती इतकी शांतता कुत्र्यासाठी पसरली.

"फार गुणी जनावर होतं," ओडेल घोगऱ्या आवाजात म्हणाला. "व्हर्डाबाई, तुम्ही एकट्या नाही जायचं. आम्ही सगळे येतो तुमच्याबरोबर वर."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. आयुष्यभर वळणं चुकवून जपलेल्या जागेवर त्या आता नऊ-दहा गाड्यांची मिरवणूक घेऊन जाणार होत्या, आणि ती मी जमवली होती.

तेवढ्यात ब्लेन आला. वर चरायला सोडलेली गुरं बघायला निघाला होता, त्याच सुतळीच्या सीटवर. त्याने माझ्या गाडीकडे पाहिलं, खांबांकडे पाहिलं आणि एक शब्द न बोलता साखळी काढली. (बोलला असता तर बरं झालं असतं.) एक हिसका बसला आणि मी बाहेर आलो. माझ्या बाजूच्या दाराची मूठ खांबाशीच राहिली.

सासूबाई उतरल्या आणि बादली पोटाशी धरून सरळ ब्लेनच्या गाडीत बसल्या.

"चल रे," त्या ब्लेनला म्हणाल्या.

मला वाईट वाटलं. लपवत नाही, फार वाईट वाटलं. चार महिने किपच्या दुकानात घालवले ते या एका सकाळसाठी, आणि आता जागा ब्लेनला कळणार होती. ब्लेनची गाडी दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा ठेवून खांबांतून आत गेली. मागच्या गाड्या सुरू झाल्या.

तेव्हा आत गेलेल्या सासूबाईंनी मला बोटाने जवळ बोलावलं. मला वाटलं, दोन शब्द धीराचे बोलतील.

"ऑरिन, फाटक बंद कर."

"त्याला दार नाहीये, आई. नुसते खांब आहेत."

"तू आहेस ना," त्या म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे बघितलं. मग मागच्या रांगेकडे बघितलं. मग गाडीत बसलो आणि शुद्धीवर असलेल्या माणसाने करू नये तेवढ्या वेगाने पुन्हा खांबांत घुसलो.

यानंतर ओडेल आणि मंडळी मला काय काय म्हणाली ते सगळं सांगत नाही. एकाने विचारलं की मला स्टिकर कोण देतं. दोघांनी साखळ्या काढल्या, पण मी ब्रेकवर पाय रोवून बसलो होतो आणि "कसं अडकलंय बघा" असं मीच हळहळत होतो. तासाभराने त्यांनी कुत्र्याला इथूनच श्रद्धांजली वाहिली आणि ते दुसऱ्या वाटेला निघून गेले. मी दुपारभर त्या बंद पेटीत शिजत बसलो. मागची काच किपने खरोखर उत्तम बसवली होती. वारा कुठूनही आत येत नव्हता.

दुपार कलताना ब्लेनची गाडी खाली आली. सासूबाईंची जीभ, ओठ, हनुवटी सगळं जांभळं झालं होतं, आणि शाळा बुडवून आलेल्या पोरीसारख्या त्या हसत होत्या. बादली काठोकाठ भरली होती. ब्लेनने समोरून ढकलून मला बाहेर काढलं. या वेळी दुसऱ्या दाराचीही मूठ गेली.

सासूबाई माझ्या खिडकीशी आल्या. एक मूठभर बेरी त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या. "आज जागा तुझ्यामुळे वाचली," त्या म्हणाल्या.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याबद्दल चांगलं बोलल्या होत्या. मी धीर केला. "मग मलाही दाखवाल ना, आई, कुठेय ती?"

"तुला कळून उपयोग काय? तुझी गाडी तिथे पोचत नाही." त्यांनी माझ्या रुंद टायरवर हात फिरवला, मग खांब आणि शेजारचं झाड यांच्यामधली फट डोळ्यांनी मापली. "पुढच्या वर्षीही मला ब्लेनच नेईल. तू असाच इथे ये. फक्त त्या किपला सांगून अजून थोडी रुंद करून घे. आज बाजूने एक सायकलवाला निसटून वर आला."