जोगळेकरांचे दोन सूट

दर रविवारी सकाळी आमच्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर दोन माणसं फासावर लटकतात. एक जाडसर, एक बारीक. दोघंही काळी, दोघांनाही डोकं नाही, आणि दोघांच्या पायांतून दुपारपर्यंत पाणी गळत असतं. नवा पेपरवाला पहिल्यांदा हे बघून सायकल टाकून पळाला होता. समोरच्या दवाखान्यात रक्तदाब मोजायला आलेल्या एका आजींचा रक्तदाब फुटपाथवरच वाढला. सदाशिव पेठेत बाल्कनीत काय वाळत घालावं याचे काही अलिखित संकेत आहेत, आणि त्यांत ही रबरी माणसं बसत नाहीत.

ते पाणबुड्यांचे सूट आहेत. मालक श्री. जोगळेकर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. आणि ते पाणी जिथे गळतं ती दुसऱ्या मजल्यावरची बाल्कनी माझी. आमची ओळखच त्या पाण्यातून झाली. आम्ही राहायला आलो त्याच आठवड्यात माझ्या बायकोच्या, मंजिरीच्या, वाळत घातलेल्या कुरडयांवर धार लागली आणि मी तावातावाने वर गेलो.

"पाणी गोडं आहे," जोगळेकर दारातच म्हणाले. "आणखी काही?"

"अहो काका, कुरडया भिजल्या."

"कुरडया रविवारी घालू नयेत. रविवारी सूट धुवायचे असतात. नियम आहे."

"कुणाचा?"

"नियम कुणाचा नसतो. नियम असतो." आणि दार बंद झालं.

'नियम आहे' हा त्यांचा श्वास होता. नोकरीत असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातला तराजू जप्त केला होता, आणि पुढची दिवाळी दोन्ही घरं एकमेकांशी न बोलता गेली. रिकाम्या रस्त्यावर ते सिग्नल हिरवा होईपर्यंत उभे राहतात, चालत असले तरी. सोसायटीच्या सभेत इतिवृत्तातला स्वल्पविराम चुकला म्हणून त्यांनी सभा तहकूब करायला लावली होती, आणि ती खरोखर तहकूब झाली, कारण त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा घरी जाणं सगळ्यांना सोयीचं होतं.

असा माणूस समुद्राच्या तळाशी काय करत होता, हा प्रश्न मलाही पडला. उत्तर सगळ्या इमारतीला माहीत होतं. उत्तराचं नाव सुलभाताई.

सुलभाताई हर्णैच्या. चालायच्या आधी पोहायला शिकलेल्या. लग्न होऊन पुण्यात आल्या आणि पुढची पस्तीस वर्षं त्यांनी नळाच्या पाण्यावर काढली. मूलबाळ नव्हतं. जोगळेकर निवृत्त झाले त्या संध्याकाळी त्या म्हणाल्या, "आता तुमची वजनं झाली. आता माझं पाणी." आणि त्यांनी नवऱ्याला अंदमानात नेऊन पाठीवर सिलिंडर बांधायला लावलं. मग दर हिवाळ्यात दोघं जायची. होडीवरच राहायचं, होडीवरच जेवायचं, एका बेटापासून दुसऱ्या बेटाकडे जायचं आणि दिवसातून तीन-तीनदा पाण्यात उतरायचं, असली ती सहल. पेठेतले लोक काशीला जात, युरोपला जात. ही दोघं आठवडाभर ओल्या कपड्यांत राहून मासे बघून येत. पेठेने त्यावर म्हणायचं ते सगळं म्हणून घेतलं होतं.

अशाच एका सहलीत सुलभाताई बुडाल्या. जोगळेकर एकटे परत आले. बारीक सूट सुलभाताईंचा.

एवढं इमारतीला माहीत होतं आणि यापुढे कोणी विचारलं नव्हतं. आपल्याकडे माणूस गेल्यावर दहा दिवस चौकशी करतात, मग त्याच्या पाण्याच्या धारेबद्दल तक्रार करतात.

मागच्या वर्षी जोगळेकरांनी जाहीर केलं की त्यांना पुन्हा जायचं आहे. त्याच होडीवरून, त्याच खडकापाशी. वय अडुसष्ट. डॉक्टरांनी बजावलं होतं की या वर्षी तब्येतीच्या दाखल्यावर सही देतो, पुढच्या वर्षी मागायला येऊ नका. होडीवाल्यांनीही अट घातली: या वयात एकटा माणूस घेणार नाही, आपला जोडीदार आपण आणायचा. पाण्याखाली जोडीजोडीनेच जातात, ही त्यांची जुनी रीत आहे. खाली बोलता येत नाही, तेव्हा प्रत्येकाकडे बघायला एक माणूस लागतं.

मग जोगळेकरांनी जोडीदार शोधायला सुरुवात केली, म्हणजे मुलाखती घेतल्या. पोहण्याच्या टँकवरचे दोन धडधाकट निवृत्त, एक जिमवाला, आणि त्यांचा एक भाचा, जो खरंच पाणबुड्याचा कोर्स केलेला होता. सगळे नापास. मी पोटाचा घेर सांभाळून जिना चढत होतो तेव्हा त्यांनी मला अडवलं.

"देवधर, पोहता येतं?"

"बुडत नाही एवढं."

"एक प्रश्न. पाण्याखाली जोडीदार दिसेनासा झाला. काय कराल?"

"शोधीन."

"किती वेळ?"

"किती वेळ म्हणजे काय? सापडेपर्यंत."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "साफ चूक," ते म्हणाले. "एक मिनिट शोधायचं. मग वर यायचं. नियम आहे. उद्यापासून सकाळी टँकवर या."

मला वाटलं, दुसरं कोणी मिळालं नाही म्हणून माझा नंबर लागला. मी नाही म्हणणारच होतो. पण मंजिरी, जिच्या कुरडया भिजल्या होत्या तीच मंजिरी, म्हणाली, "जा रे. नाहीतर ते एकटे जातील." ती हे ज्या आवाजात म्हणाली त्यानंतर मी वाद घातला नाही.

पुढचे काही महिने मी बँकेत जांभया देत काढले. टँकवर जोगळेकर काठावर उभे राहून मला सुनावत. "देवधर, आपण पोहताय की पाण्याला समजावताय?" "श्वास घ्या. फुकट आहे तोवर घ्या." खाणाखुणा पाठ करून घेतल्या: बोटांचं वर्तुळ म्हणजे ठीक, अंगठा वर म्हणजे वर चला, आडवा तळहात म्हणजे थांबा. आणि जिन्यात, दुकानात, बँकेच्या काउंटरवरसुद्धा परीक्षा.

"जोडीदार दिसेना. किती वेळ?"

"एक मिनिट."

"मग?"

"वर."

"बरोबर." पण गंमत अशी की उत्तर बरोबर आलं की त्यांचा चेहरा उतरायचा. मी मनात म्हणायचो, या माणसाला कौतुक करतानाही त्रास होतो.

आणखी एक विचित्र हट्ट होता. मी कायम त्यांच्या उजवीकडे राहायचं. लक्ष्मी रस्त्यावर एकदा चुकून डावीकडे गेलो तर त्यांनी मला दंडाला धरून फिरवलं. "डावी बाजू भरलेली आहे," ते म्हणाले. मी हसलो. ते हसले नाहीत.

हिवाळ्यात आम्ही निघालो. होडी पाहून माझं धैर्य गेलं. झोपायला दोन फळ्या, एकावर एक. जोगळेकरांनी मात्र चढल्याचढल्या सिलिंडर वजनकाट्यावर ठेवायला लावले आणि मेतकुटाचा डबा स्वयंपाक्याच्या ताब्यात दिला. पाण्यात उतरण्यापूर्वी सॅम्युअल, म्हणजे आमचा तिथला प्रशिक्षक, सगळ्यांना माहिती सांगायचा. जोगळेकर त्याची चूक काढायला हात वर करून बसायचे. पण सॅम्युअल त्यांच्याशी फार जपून बोलत होता. सुलभाताई गेल्या त्या वर्षीही होडीवर तोच होता, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पाण्याखाली लिहायला एक पाटी असते. लोक तिच्यावर माशाचं नाव वगैरे लिहितात. जोगळेकरांच्या पाटीवर पेठ उतरली होती. हिंजवडीचा एक तरुण कॅमेरा घेऊन कासवाच्या मागे लागला, तेव्हा त्याच्या नाकासमोर पाटी आली: 'कासव झोपले आहे. आपणही घरी जाऊन झोपावे.' तो बिचारा तोंडात नळी असताना हसला आणि त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. मला एका झुडपासारख्या पोवळ्याचा धक्का लागला तर लगेच: 'हे वाढायला आपल्या आजोबांइतका काळ लागला.' त्या दोन दिवसांत मला ते पहिल्यांदा खूश दिसले. आणि दर थोड्या वेळाने ते डावीकडे वळून बोटांचं वर्तुळ करायचे. ठीक आहे ना? मग क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. मी उजवीकडे असायचो. मला ते माझ्या सिलिंडरचा हवेचा काटा बघून विचारायचे. डावीकडे नुसतं निळं पाणी असायचं.

तिसऱ्या दिवशी होडी त्या खडकापाशी थांबली. त्या सकाळी जोगळेकरांनी हात वर केला नाही. सॅम्युअलची एकही चूक काढली नाही.

खाली गेलो. खडक तसा मोठा नव्हता, आमच्या इमारतीच्या जिन्याएवढा असेल, पण त्याला वळसा घातला की पलीकडचं काही दिसत नव्हतं. जोगळेकर त्याला एक फेरी मारून आले. मग दुसरी. मग वाकून प्रत्येक कपारीत बघायला लागले, हळूहळू, चष्मा हरवलेल्या माणसासारखे. सॅम्युअल थोडा वर थांबून आमच्यावर नजर ठेवून होता. मी अंगठा वर केला. त्यांनी आडवा तळहात दाखवला. थांबा. पुन्हा फेरी. मी त्यांच्या उजवीकडे, भीतीने भराभर श्वास घेत, पण सोडून जाणं काही जमेना. शेवटी माझा काटा लाल रेघेशी गेला आणि सॅम्युअलने खाली येऊन दोघांनाही दंडाला धरून वर नेलं.

होडीवर जोगळेकर सूटसकट फळीवर बसून राहिले. पाणी गळत होतं. मला वाटलं, आता मला नियम मोडल्याबद्दल ऐकून घ्यावं लागणार.

"त्या दिवशी दुपारी तिचा सूट वाळला नव्हता," ते म्हणाले. "म्हणाली, पाणी गरम आहे, नुसत्या टीशर्टवर येते. सूट इथे, या कठड्यावर राहिला. खाली ती एका कासवामागे खडकापलीकडे गेली. मी वळलो तर नाही. मी घड्याळ लावून एक मिनिट शोधलं, देवधर. बरोबर एक मिनिट. आणि वर आलो. वर येऊन तिची वाट बघत तरंगत राहिलो. दोघांनी नियम पाळला की दोघं वर भेटतात, म्हणून तो नियम आहे."

मी टॉवेल पुढे केला. त्यांनी तो मांडीवर ठेवला.

"तिला एकही नियम कधी पाठ नव्हता. मी मागे लागायचो, ती हसायची. ती वर येणार नाही हे मला ठाऊक असायला हवं होतं. ती खाली थांबली असणार. हा येईल म्हणून." त्यांनी मास्क पुसायला घेतला, तो कोरडाच होता. "माझ्या भाच्याने सांगितलं, एक मिनिट. जिमवाल्यालाही कोणीतरी पढवलेलं होतं. तुम्ही म्हणालात, सापडेपर्यंत. एवढी साधी गोष्ट. कुणालाही सुचेल."

मग त्यांनी सॅम्युअलकडे पाहिलं. "आज किती वेळ होतो आम्ही खडकापाशी?"

सॅम्युअलने उत्तर टाळायचा प्रयत्न केला, पण जोगळेकरांसमोर माप टाळता येत नाही. तो हळूच म्हणाला, "बीस मिनट के आसपास, सर."

"म्हणजे हवा पुरली असती," जोगळेकर म्हणाले.

मला खूप काही बोलावंसं वाटत होतं, की प्रवाह असेल, नशीब असेल, वीस मिनिटांनीही सापडल्या नसत्या. ते सगळं त्यांनी स्वतःला कधीच सांगून पाहिलं असणार आणि त्याने काही झालेलं नव्हतं. मी त्यांच्या उजवीकडे बसून राहिलो. माझ्या हातून एवढंच झालं, आणि ते पुरेसं नव्हतं हे मला तेव्हाही कळत होतं.

आम्ही परत आलो. पुढच्या वर्षी डॉक्टर सही देणार नाहीत. जोगळेकर आता कुठेच जाणार नाहीत. सिग्नलला मात्र थांबतात, सभेत स्वल्पविरामाच्या चुकाही काढतात, पण 'नियम आहे' हे त्यांच्या तोंडून मी परत ऐकलेलं नाही. जिन्यात ते मला काही विचारत नाहीत. मधल्या वळणावर डावीकडे बघून बोटांचं वर्तुळ तेवढं करतात. मी मागून येत असलो तर थांबतो. ते मला विचारलेलं नसतं, त्यामुळे उत्तर मला देता येत नाही.

रविवारी सूट अजून धुतले जातात. दोन्ही. जाडसर लवकर वाळतो. बारीक, का कोण जाणे, संध्याकाळपर्यंत गळत राहतो. आमच्या बाल्कनीत टपटप आवाज येत असतो. मंजिरीने कुरडया शनिवारवर नेल्या आहेत, आणि रविवारी आमची दोरी रिकामी असते.