बाभळीचे जहागीरदार

गोविंदराव पेशकार रोज सकाळी कचेरीत शिरण्याआधी अंगणातल्या बाभळीपुढं टोपी काढून उभे राहायचे. टोपी काट्यात अडकते, एवढंच कारण. पण नवख्या पक्षकाराला वाटायचं, झाडाखाली देव असावा. तो चपला काढून हात जोडायचा. मग गोविंदराव त्याला फांदीजवळ ओढत. "नमस्कार मागाहून. आधी मुलाहिजा करा, नीट बघा."

एका शेतकऱ्यानं वैतागून विचारलं होतं, "बाभळीला बैल बी बांधू देत न्हाय व्हय?"

"बांध की. पण त्या फांदीखाली नको. तिथं जहागीरदार जेवतायत."

जहागीरदार म्हणजे एक हिरवी अळी. आमच्या बाभळींवर नखाएवढी फुलपाखरं असतात. नर जांभळट निळा, मादी मातकट. मादी कळीवर खसखशीहून बारीक अंडं घालते. त्यातून निघालेली अळी कळीच्याच रंगाची असते, बसल्या जागी खाते. भोवती मुंग्या असतात. त्या मिशांनी तिची पाठ कुरवाळतात, मग पाठीवर गोड थेंब येतो. तो पिऊन मुंग्या तिची राखण करतात. मुंग्यांना गोविंदराव हुजरे म्हणत. "निजाम गेला, जहागिऱ्या गेल्या. एवढी एक खालसा करायची राहिली," असं ते गंभीरपणे सांगत.

हे सगळं ते रोज वहीत लिहीत. उर्दूत, कारण त्यांचा हात त्याच लिपीत वळलेला. संध्याकाळी वही घरी नेऊन बायकोला, आमच्या काकूंना, वाचून दाखवत. काकूंची दृष्टी गेलेली होती. कुणाच्या घरी पोथी चालते, तशी त्यांच्याकडं ही रोजनिशी चालायची. कधी काकू मागचं मागत, "ते बाभळीवरच्या कोळ्याचं वाचा." जुन्या वह्यांना घरी वाळवी लागे, म्हणून त्यांचं बासन कचेरीच्या कपाटात असे.

ते बासन माझ्यामुळं जळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

काकूंना घेऊन गोविंदराव सोलापूरला डॉक्टरकडं गेले होते. कचेरीत नवे साहेब आलेले. जुने निरुपयोगी उर्दू कागद काढून टाका, असा त्यांचा हुकूम. त्या दिवसांत उर्दू येणारा माणूस म्हणजे निजामाच्या अमदानीचं उरलेलं खरकटं, असं काहीजण उघड म्हणत. मी तिथं कारकून होतो, मला बढती हवी होती. साहेबांनी बासन सोडलं, एक वही माझ्यापुढं धरली आणि विचारलं, हे वाचता येतं का?

पहिली ओळ डोळ्यांपुढं होती. आज बाभळीला पहिली कळी.

"नाही साहेब," मी म्हणालो.

शिपायानं कचेरीमागं जाळ केला. मी खिडकीतून बघत राहिलो.

खरं तर ते घसटतं, घाईच्या वळणाचं उर्दू मला गोविंदरावांनीच शिकवलं होतं. वर्षभर, कचेरी सुटल्यावर, माझं बोट अक्षरांवर धरून.

परत आल्यावर त्यांनी कपाट उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मग साहेबांकडं जाऊन विचारलं. साहेब म्हणाले, निरुपयोगी कागद होते, या कारकुनाला विचारून घेतलं, त्याला वाचता येत नाही. मी मान खाली घातली. आता गोविंदराव एक शब्द बोलले की माझं खोटं उघडं पडणार होतं.

"खरं आहे," गोविंदराव म्हणाले. "याला येत नाही."

हिवाळ्यात काकूंनी अंथरूण धरलं. मी भेटायला गेलो, तेव्हा त्यांना ती कोळ्याची हकीकत हवी होती. गोविंदराव आठवून आठवून सांगत होते. काकू डोळे मिटून म्हणाल्या, "असं नव्हतं ते. वहीतलं वाचा ना." गोविंदरावांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पौषात काकू गेल्या.

तेरावं झाल्यावर ते कामावर आले. हातात शाळेतल्या पोरांची असते तसली कोरी वही. मला बाभळीपाशी हाक मारली. "माझी नजर अधू झालीय. अंडं दिसतंय का बघ."

मी वाकलो. एका कळीवर एकच होतं. तसं सांगितलं.

त्यांनी वही गुडघ्यावर घेतली आणि एकेक अक्षर सुटं काढत मराठीत लिहू लागले. ओळ तिरकी जात होती. मी न राहवून विचारलं, मराठीत का?

"ऐकणारी गेली," ते मान वर न करता म्हणाले. "मराठीत लिहिलं, तर तुला तरी वाचता येईल."