अवयव जोडू नका!

सॅमसनभाऊंसमोर देवाच्या हातापायांचं नाव काढायची सोय नव्हती. रविवारी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची, आमची जळगावची अख्खी चाळ एका खोलीत जमायची, आणि कुणी सहज म्हणालं, "देवाचे डोळे सगळं बघतात हो," की मागून आवाज आलाच. "डोळे कुठून आणलेत? अवयव जोडू नका!"

भाऊ रेल्वेच्या पार्सल ऑफिसात कारकून, आणि साऱ्या गल्लीत एकटेच यहुदी. मी शाळामास्तर, म्हणजे वाद घातल्याशिवाय मला अन्न पचत नाही. एकदा पेटलोच. "हात नाही, पाय नाही, रूप नाही. मग आहे तरी कसा तुमचा देव?"

"एक आहे," ते म्हणाले. "याच्यापुढे माझी अक्कल चालत नाही, मास्तर. तुमची चालत असेल तर सांगा."

मी चहा मागवला.

माझी आई, अक्का, एरंडोलकडची. आमच्याकडे राहायला आली त्या पहिल्याच दिवशी तिने भाऊंचं घर कोपरान्‌कोपरा पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमना देव कोठे शे?"

"कुठे नाही ते दाखवा, अक्का. आम्ही तर त्याचं खरं नावसुद्धा तोंडाने घेत नाही."

अक्काने समाधानाने मान हलवली. तिनेही जन्मात माझ्या वडिलांचं नाव घेतलं नव्हतं. तेव्हापासून भाऊंचा देव तिला घरचाच वाटायला लागला.

पुढे भाऊंची बायको, रिबेकावहिनी, वारली. दरवर्षी तिच्या तिथीला भाऊ मुंबईला सिनेगॉगमध्ये जायचे. तिच्यासाठीची प्रार्थना दहा माणसं जमल्याशिवाय म्हणताच येत नाही. एका वर्षी ऐन तिथीच्या तोंडावर ते जिन्यावरून पडले. पाय प्लास्टरमध्ये, जाणं रद्द. माणूस पार खचला, जेवेना.

अक्काच्या कानावर गेलं. "दहाच ना? मी लई येस!"

संध्याकाळी अक्काने गोळा करून आणलेले गल्लीतले आम्ही नऊ जण धुतलेल्या टोप्या घालून भाऊंच्या खोलीत बसलो. दहावे ते स्वतः. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. "माफ करा. आमच्यातलेच दहा लागतात."

अक्काचा चेहरा उतरला. पण उठलं कुणीच नाही. मग भाऊंनी उजवा हात डोळ्यांवर ठेवला आणि एकट्यालाही म्हणता येते अशी एक ओळ म्हटली. तो एक आहे, एवढंच सांगणारी. 'एक' हा शब्द त्यांनी श्वास संपेपर्यंत लांबवला. समोर ना मूर्ती, ना फोटो, नुसती चुन्याची भिंत. तरी माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी, वाद घालणारा माणूस, हात जोडून बसलो होतो.

सगळे गेल्यावर मी विचारलं, "त्या दहा जणांच्या प्रार्थनेत वहिनींबद्दल काय असतं?"

"काही नाही. नावसुद्धा नाही. नुसती त्याची थोरवी."

"बायको गेली, आणि वर त्याचीच थोरवी? राग नाही येत?"

"येतो ना," भाऊ म्हणाले. "एकट्याच्या तोंडून निघतच नाही ती, मास्तर. म्हणून तर दहा लागतात."