मुख्याध्यापिकाबाईंच्या हिरवळीवरचे एकोणीस डाग

"निसर्गाने मला दोन डोळे दिले ते केवळ लोकांना संशय येऊ नये म्हणून," असं आमचे भावोजी सांगतात. "एरवी मला एकही पुरतो." आपली बुद्धी धारदार आहे, स्मरणशक्ती अफाट आहे आणि आजवर एकही गुन्हेगार आपल्या हातून सुटलेला नाही, हेही ते न विचारता सांगतात. यातलं शेवटचं विधान खरं आहे. सुटायला आधी हातात यावा लागतो.

माझ्या ताईचं किराणा मालाचं दुकान आहे. त्याच्या मागच्या खोलीत, साबणाच्या खोक्यांपलीकडे, भावोजींची कचेरी. दुकानाच्या पाटीखाली त्यांनी स्वतःची पाटी लावली आहे : 'सुप्रसिद्ध गुप्तहेर. चौकशी आत.' गुप्त असाल तर प्रसिद्ध कसे आणि प्रसिद्ध असाल तर गुप्त कसे, असं ताईनं एकदा विचारलं होतं. भावोजी त्यावर दोन दिवस विचार करत बसले. ते दोन दिवस घरात फार सुखाचे गेले. मी सकाळी दुकानाचा माल घरोघरी पोचवतो आणि उरलेल्या वेळात गुप्तहेराचा सहायक असतो. ओझी दोन्हीकडे वाहावी लागतात, पण किराणा निदान लोक ठेवून घेतात.

गेल्या आठवड्यात मुख्याध्यापिकाबाईंचं बोलावणं आलं. बाईंना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी त्या समोरून आल्या की गल्लीतली मोठी माणसं शर्टाचं वरचं बटण लावतात. छत्तीस वर्षं त्यांनी भाषा आणि व्याकरण शिकवलं. त्यांचे यजमान, म्हणजे सगळ्यांचे काका, एका कचेरीत टंकलेखक होते. समोर येईल ते जसंच्या तसं उतरवायचं आणि अर्थ साहेबांवर सोडायचा, अशी त्यांची नोकरी. घरीही त्यांनी ती पद्धत बदलली नव्हती.

बाईंच्या घरापुढे हिरवळ आहे. दोन महिन्यांपूर्वी तिची निगा राखायला त्यांनी एक व्यावसायिक माणूस ठेवला. त्याला सगळे गवतवाले म्हणतात. नऊ वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली गवत कापून त्यानं नुकतंच स्वतःचं यंत्र घेतलं होतं. बाईंनी ठेवला म्हटल्यावर गल्लीतल्या बाकीच्या अकरा घरांनीही ठेवला, आणि तेवढ्यावर त्याचा धंदा उभा राहिला. मग बाईंच्या हिरवळीवर पिवळे डाग पडायला लागले. एकोणीस डाग, सगळे गोल, सगळे सरळ रांगेत. शनिवारी दहा वाजता आपण त्याला काढणार, असं बाईंनी अकराही घरी कळवलं. बाईंनी नापास केलेल्या माणसाला आमच्या गल्लीत कोणी पास करत नाही. मात्र बाजू मांडू न देता आपण कोणालाही वर्गाबाहेर काढलेलं नाही, म्हणून आधी चौकशी व्हावी, असंही त्यांनी ठरवलं. चौकशीसाठी त्यांना भावोजी का आठवले, ते मला सांगता येणार नाही. बहुधा पाटीवर शुद्धलेखन बरोबर होतं म्हणून.

शनिवारी आम्ही नऊ वाजता पोचलो. भावोजींच्या घाईत माझं माल पोचवायचं काम तसंच राहिलं. व्हरांड्यात काका वर्तमानपत्र घेऊन बसले होते, बाई उभ्या होत्या आणि फाटकापाशी गवतवाले यंत्राच्या दांड्यावर हात ठेवून थांबले होते. मी जवळ गेल्यावर ते हळूच म्हणाले, ही बारा घरं गेली तर पुन्हा दुसऱ्याच्या हाताखाली जावं लागेल, आणि आता या वयात ते जमेलसं वाटत नाही. मला फार वाईट वाटलं. माणूस सरळ होता आणि त्याचं नशीब भावोजींच्या हातात होतं.

भावोजी तोवर पोटावर पालथे पडून शिंप्याच्या टेपनं डाग मोजत होते. उठून त्यांनी गवतवाल्यांची जबानी घ्यायला सुरुवात केली.

"एका वेळी किती कापता?"

"उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही, साहेब. जास्त कापलं की मुळं कमजोर होतात, गवत दमतं."

"आणि उरलेले दोन तृतीयांश कुठे जातात?"

"जागेवरच असतात, साहेब."

"लिहून घे," भावोजी मला म्हणाले. "माल जागेवरच आहे, हे त्याला मान्य आहे."

गवतवाल्यांनी बिचाऱ्यांनी सगळं नीट सांगितलं. पातं बोथट असलं तर गवत कापलं न जाता फाटतं आणि शेंडे पिवळे पडतात, म्हणून ते पात्याला वरचेवर धार लावतात. कापलेलं बारीक गवत तिथेच राहू देतात, म्हणजे तेच कुजून खत होतं. रोज थोडं थोडं पाणी घालण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, सकाळच्या वेळी, पण भरपूर घालावं, म्हणजे मुळं खोल जातात. माझ्या वहीत भावोजींनी एवढंच लिहवून घेतलं की संशयित हत्यार बाळगतो, त्याला धार लावतो आणि पुरावा जागीच टाकून जातो.

"माझं एक छोटंसं काम राहिलंय," काका व्हरांड्यातून म्हणाले. "जरा उठू का?"

तपास चालू असताना जागा सोडायची नाही, असं भावोजींनी त्यांना बजावलं. काका पुन्हा वर्तमानपत्रात शिरले.

पहिला सिद्धांत असा निघाला की डाग म्हणजे नकाशा आहे. भावोजींनी वहीत एकोणीस टिंबं काढून ती रेघांनी जोडली. त्यातून किटली निघाली. वही उलटी धरल्यावर हत्ती निघाला. किटली की हत्ती यावर पाच मिनिटं गेल्यावर तो सिद्धांत मागे पडला आणि शेजारच्या कुत्र्यावर आळ आला. कुत्र्याच्या मुतानं असे गोल डाग पडतात खरे, असं गवतवाले म्हणाले, पण कुत्रं रांग धरून काम करत नाही. शिवाय तो कुत्रा इतका म्हातारा होता की स्वतःच्या पायरीवरून उतरायलाही त्याला माणूस लागायचा. भावोजींनी कुंपणावरून त्याला चार प्रश्न विचारले. तो झोपला होता.

"शिकवून ठेवलेला दिसतो," भावोजी म्हणाले.

"मी शिकवलेला नाही," बाई म्हणाल्या.

मग गवतवाल्यांनी स्वतःच एक गोष्ट दाखवली. प्रत्येक डागावर मातीला पांढरट साय आली होती, आणि ती आपल्या कुठल्याही खताची नाही, असं ते शपथेवर सांगत होते. एवढा महत्त्वाचा धागा हातात आल्यावर कोणीही शहाण्या माणसानं तो धरला असता. भावोजींनी तो चाटला. बोट तोंडात घालून, डोळे मिटून ते बराच वेळ उभे राहिले.

"खारट," ते म्हणाले. "हे अश्रू आहेत. इथे कोणीतरी एकोणीस ठिकाणी, समान अंतरावर, रडत गेलेलं आहे."

असं म्हणून त्यांनी गवतवाल्यांकडे वळून पाहिलं. दहाला पंधरा मिनिटं कमी होती आणि त्या माणसाचे डोळे खरोखरच भरून आले होते. भावोजींनी मला तेही लिहायला सांगितलं. मी लिहिलं नाही.

नळाजवळच्या शेडमध्ये मात्र भावोजींना खरंच काहीतरी सापडलं. खिळ्याला टोचलेली एक चिठ्ठी घेऊन ते बाहेर आले आणि त्यांनी ती मोठ्यानं वाचली : "हिरवळ : पाणी सोडा. आठवड्यातून दोनदा."

"उघड धमकी आहे," ते म्हणाले. "हिरवळीवर पाणी सोडा, म्हणजे हिरवळीची आशा सोडा."

"आठवड्यातून दोनदा?" मी विचारलं.

"फार निर्दय माणूस दिसतो. आणि अक्षर पाहा. लिहिणारा हट्टी आहे, कमी शिकलेला आहे आणि जन्मभर दुसऱ्यांना धाक दाखवत आलेला आहे."

"ते अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या.

भावोजींनी चिठ्ठी पुन्हा एकदा पाहिली. "कमी शिकलेला हे मी मागे घेतो," ते म्हणाले.

गवतवाल्यांनी पाण्याबद्दल जे सांगितलं तेच आपण यजमानांसाठी लिहून ठेवलं होतं, असं बाईंनी सांगितलं. पाणी वेळच्या वेळी पडत होतं, तेव्हा पाण्याचा दोष नाही. एवढं बोलून त्यांनी घड्याळ पाहिलं. दहा वाजले होते.

"कारण सापडलं नाही," त्या गवतवाल्यांना म्हणाल्या. "तुम्ही यायला लागल्यावर डाग पडले, एवढंच माझ्यापुढे आहे. मला वाईट वाटतं, पण सोमवारपासून येऊ नका."

गवतवाल्यांनी वाद घातला नाही. त्यांनी यंत्राचा दांडा दुमडला आणि ते हातगाडीवर चढवायला लागले. मला भावोजींची इतकी लाज वाटली की मी वही खिशात घातली. तेवढ्यात फाटक उघडून ताई आत आली. सकाळचा माल मी पोचवला नाही म्हणून दुकान बंद करून ती स्वतः निघाली होती, आणि चेहऱ्यावरून तिला माझ्याशी बरंच बोलायचं होतं असं दिसत होतं.

"काका, तुमचा सोडा," ती म्हणाली आणि तिनं पिशवीतून चार पाकिटं काढली.

"आमच्याकडे सोडा कशाला?" बाईंनी विचारलं.

ताईलाही तेच विचारायचं होतं. आठवड्याला चार पाकिटं खपतात म्हटल्यावर काकांनी निवृत्तीनंतर बेकरी काढली की काय, असा तिचा समज होता.

"आज पाणी-सोड्याचा दिवस ना," काका उठत म्हणाले. "तेच काम राहिलं होतं. या साहेबांनी बसवून ठेवलं."

बादलीभर पाण्यात दोन पाकिटं सोडा, असं ते आठवड्यातून दोनदा करत होते. एका बादलीत एकोणीस तांबे बसतात. ते त्यांनी नेमानं, रांगेत, डाव्या बाजूला समास सोडून, ठरल्या ठिकाणी ओतले होते.

"अहो, पाणी सोडा म्हणजे पाणी सोडा," बाई म्हणाल्या.

"मग मी काय केलं?"

"सोडा हे क्रियापद आहे."

"तुझ्या चिठ्ठीत?" काकांना मनापासून आश्चर्य वाटलं. "चाळीस वर्षांत तुझ्या चिठ्ठीत क्रियापद आलेलं नाही. साबण, काडेपेटी. सुई, दोरा. मला वाटलं स्वल्पविराम राहिला. तुला लाज वाटू नये म्हणून मी तो मनातल्या मनात घातला."

बाई हिरवळीवरून चालत फाटकापर्यंत गेल्या आणि गवतवाल्यांसमोर उभ्या राहिल्या. चूक माझी आहे, वाक्य संदिग्ध होतं, असं त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं. सोमवारी या, आणि जमल्यास मला माफ करा, असंही त्या म्हणाल्या. शाळेच्या इतिहासात हे कोणी ऐकलेलं नव्हतं. गवतवाले कामाचंच बोलले : भरपूर साधं पाणी देऊन माती धुवावी लागेल, मग नवं बी टाकू, दोन महिन्यांत सगळं भरून येईल.

बाई तिथेच थांबल्या नाहीत. चप्पल घालून, काकांना बरोबर घेऊन त्या अकराही घरी गेल्या. आम्ही मागोमाग होतो, गवतवालेही हातगाडीसकट. प्रत्येक दारात त्यांनी सांगितलं की माणूस चांगला आहे, त्याला काढू नका. मग गवत मेलं कशानं, असं प्रत्येकानं विचारलं, आणि छत्तीस वर्षं गुन्हेगाराचं नाव भर वर्गात घेणाऱ्या बाई काकांकडे न बघता अकराही वेळा म्हणाल्या, "माझ्या मराठीनं." अकराव्या घरी तर सोमवार कशाला, आजच कापून द्या, असं म्हणाले. गवतवाल्यांनी हातगाडीवरून यंत्र उतरवलं आणि दांडा सरळ केला.

भावोजी पुढे झाले आणि त्यांनी गवतवाल्यांच्या पाठीवर थाप मारली.

"माझे आभार मानायची काही गरज नाही," ते म्हणाले.

"मानले नाहीत, साहेब," गवतवाले म्हणाले आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.