किसन्याचा खराटा

आमच्या गल्लीत सगळ्यात स्वच्छ अंगण माझं आहे, आणि त्यात माझा काडीचा हात नाही. शेजारच्या किसन्याला बिडीची तलफ आली की तो खराटा उचलतो आणि दिसेल ते अंगण झाडत सुटतो. आधी मात्र दारात उभा राहून मेलेल्या बायकोला मोठ्यानं सांगतो, "हिरे, तलफ आली गं! आता बघ!" आणि मग खर्रर्र खर्रर्र! कोंबड्या उडतात, कुत्री पळतात, माझ्या चहात मूठभर धूळ.

"आरं, सकाळीच झाडलंय की तू माझं अंगण!"

"मग? तलफ दोनदा आली!"

असा माणूस आख्ख्या पाथर्डी तालुक्यात दुसरा नाही. असेल तर आणून दाखवा, मिशी उतरवीन.

किसन्या आणि हिराबाईनं उभी हयात ऊस तोडला. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. थंडीत, फडात त्याला बिडी लागली ती लागलीच. पुढं हिराबाईला दमा झाला. धुरानं तिला उबळ यायची, तेव्हा यानं बंडल उचललं आणि चुलीत घातलं. ती गेली तसा सगळा गाव म्हणाला, "आता कुनासाठी रं? वढ की एखादी, जीव हलका व्हईल." हा ढिम्म.

आणि तिचा दहावा! ओढ्याकाठी पिंड मांडला, वर बाभळीवर पाचसहा कावळे, आणि एकसुद्धा खाली येईना! गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही. म्हणून एकेकजण पुढं होऊन शब्द द्यायला लागला. लेक म्हणाला, बापाला संभाळीन. सून म्हणाली, शेळ्या इकनार न्हाई. कावळे आपले चोच पुसत बसलेले. मला राहवेना. मी ओरडलो, "किसन्या, तू म्हन! बिडीला शिवनार न्हाई म्हन! तिचा जीव त्यातच आडाकलाय!"

"न्हाई म्हननार!"

"आरं, पन तू वढतच न्हाईस की!"

"तरी म्हननार न्हाई!"

तेवढ्यात त्याचा मेव्हणा सोपान पुढं झाला. "दाजी बिडीबिगर सुकलं, ताईला त्येचंच वाईट वाटत आसंल," म्हणाला, आणि बिडी पेटवून सरळ किसन्याच्या हातात दिली. धूर किसन्याच्या नाकाशी गेला. त्यानं डोळे मिटले. हात वर गेला, ओठापर्यंत गेला! मी म्हटलं, बुडालं सगळं! आणि किसन्यानं ती बिडी भिरकावली थेट ओढ्याच्या पाण्यात.

"तिच्या म्होरं वढू व्हय रं? तिला उबळ यील ना, येड्या!"

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला आणि उन्हातनं आम्हाला सोडवलं.

परवा तो माझं अंगण झाडत होता. मी विचारलं, "त्या दिशी म्हनला का न्हाईस रं? चार शब्द तर हुते."

खराटा थांबला.

"म्हनलो आसतो आन् कावळा शिवला आसता, तर?"

"तर काय? सुटली आसती बिचारी."

"त्येच की," किसन्या म्हणाला. "मंग हाक कुनाला मारू?"

आणि झाडलेलंच अंगण तो पुन्हा झाडायला लागला. मी चहावर बशी झाकली आणि बसून राहिलो.