संगणकाची उलटतपासणी

समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देणं वकीलसाहेबांना जन्मात जमलं नव्हतं. साक्षीदारानं तोंड उघडलं की ते ‘मुद्द्याचं बोला’ म्हणत आणि घरीही तोच खाक्या. परगावी नोकरी करणारी लेक कित्येक रविवार ‘बाबा, एक सांगायचंय’ अशी सुरुवात करी आणि बाबांचा सल्ला ऐकून फोन ठेवी. आज मात्र तिनं बजावलं होतं, व्हिडिओवर बोलू, आणि मी सांगणारच.

घरच्या जुन्या संगणकावर पुतण्यानं लिनक्स नावाची प्रणाली बसवली होती. संगणक सुरू होताना पडद्यावर एकेक ओळ येई, प्रिंटरची सेवा सुरू होतेय, घड्याळाची सेवा सुरू होतेय. एखादी अडकलीच तर कंट्रोल आणि सी दाबायचं, म्हणजे तिला सोडून गाडी पुढे जाते, असं त्यानं शिकवलं होतं. "पण काका, अडकेल तीच, बाकीच्या..." इथवर तो आला आणि साहेबांनी ‘कळलं’ म्हणून त्याला वाटेला लावलं.

आज प्रिंटरची ओळ खरोखरच अडकली. साहेबांनी बटणं दाबली, ती मुकाट्यानं बाजूला झाली. इतका आज्ञाधारक साक्षीदार उभ्या वकिलीत भेटला नव्हता. साहेबांना चेव आला. ओळ उमटायचा अवकाश, की ते तिला गप्प करत. घड्याळाची गेली. आवाजाच्या ओळीनं स्पीकर चालू केला, माइककडे वळणार तोच तिचीही बोळवण झाली. इंटरनेटची तेवढी वाचली, कारण तेव्हा साहेब चष्मा पुसत होते.

"अहो, त्याला त्याचं काम करू द्या की," बायको म्हणाली.

"नुसतं पाल्हाळ लावलंय," साहेब म्हणाले.

लेक पडद्यावर आली. "बाबा, मी नोकरी सोडतेय."

साहेब उसळलेच. हातवारे झाले, टेबलावर मूठ आपटली. लेकीनं कान पडद्याजवळ आणला.

"बाबा, तुमचा आवाज येत नाहीये," ती म्हणाली. "राहू दे. आधी माझं होऊ दे." मग तिनं शांतपणे सगळं सांगितलं. नोकरी सांभाळून ती संध्याकाळी वकिली शिकत होती, पास झाली होती आणि तिला बाबांच्याच हाताखाली काम करायचं होतं.

साहेबांची मूठ सुटली. डोळे भरून आले. ते नुसती मान हलवत राहिले, आणि बायको पदरात तोंड लपवून हसत-रडत होती.

संध्याकाळी पुतण्या दुरुस्तीला आला, तेव्हा काकूनं त्याला दारातच गाठलं.

"प्रिंटर लाव, घड्याळ लाव," ती हळूच म्हणाली. "माइकला मात्र हात लावू नकोस. पुढच्या रविवारी लेक तिनं पसंत केलेल्या मुलाबद्दल सांगणार आहे."